राजा तपासाला निघतो तेव्हा

समाजवादी माणसाने काय वाचावे याची एक अलिखित यादी आपल्या चळवळीत पूर्वापार चालत आली आहे, आणि त्या यादीत रहस्यकथेला जागा नाही. जिचा नायक राजा, राणी किंवा युवराज असतो अशा रहस्यकथेला तर मुळीच नाही. संस्थाने विलीन झाली, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही संपले. मग राजवाड्यातील खुनाचा उलगडा मुकुटधाऱ्याने करावा आणि तो आपण जागरण करून वाचावा, हे कोणत्या तत्त्वात बसते, असे चांदूर बाजारातल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला मध्यंतरी विचारले. माझ्या टेबलावर असल्या तीनचार कादंबऱ्या त्याला दिसल्या होत्या. प्रश्न रास्त होता. त्याला सविस्तर उत्तर हवे.

उत्तराचा पहिला भाग अगदी सरळ आहे. मला त्या आवडतात. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला तर त्या अधिकच आवडाव्यात, कारण राजवाड्यातल्या खुनाचा हेतू शोधत फार दूर जावे लागत नाही. मध्यमवर्गीय घरातला खून घडवायचा तर लेखकाला प्रेम, मत्सर, जुने वैर असे काहीतरी जुळवावे लागते. राजवाड्यात मात्र वारसाहक्क, खजिना, जहागिरी आणि दत्तकपत्रे असतात. मालमत्ता माणसाला काय काय करायला लावते हे सांगायला तेथे व्याख्यान लागत नाही. शिवाय वाडा म्हणजे एक बंदिस्त जग. देवड्या मोजक्या, पहारे ठरलेले, कोण कोठे झोपतो ते सर्वांना ठाऊक. आणि त्या जगाला चालवणारी माणसे, म्हणजे आचारी, हुजरे, दासी, माहूत, कारकून, ही जागोजाग उभी असतात. त्यांना सारे दिसते आणि त्यांना कोणी विचारत नाही. विचारले की कथा सुरू होते.

इंग्रजीत हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. पीटर लव्हसी या लेखकाने सातवा एडवर्ड युवराज असतानाच्या काळावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली, ‘बर्टी अँड द टिनमन’, १९८७ साली आली. फ्रेड आर्चर नावाच्या प्रसिद्ध घोडेस्वाराने १८८६ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली, ही सत्य घटना. कादंबरीत युवराजांना तिच्याबद्दल संशय येतो आणि स्वारी तपासाला निघते. गंमत अशी की कथा युवराज स्वतःच सांगतात, आणि आपल्या बुद्धीविषयी त्यांचा जो समज आहे तो वाचकाचा पानोपानी उतरत जातो. खाणेपिणे, बायका आणि शिकार यांतून वेळ काढून हा गृहस्थ तर्क लढवतो, आणि तो बहुधा चुकतो. राजेशाहीवर इतकी सौम्य आणि इतकी बोचरी टीका मी कित्येक प्रजासत्ताकवादी पत्रकांत वाचलेली नाही. खऱ्या युवराजांना १८९१ साली पत्त्यांच्या डावातल्या लबाडीवरून उभ्या राहिलेल्या बदनामीच्या खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते, हे ठाऊक असले म्हणजे मौज आणखी वाढते.

अगदी अलीकडे, २०२० साली, एस. जे. बेनेट या लेखिकेने दुसऱ्या एलिझाबेथलाच गुप्तहेर केले. ‘द विंडसर नॉट’ या कादंबरीत विंडसरच्या किल्ल्यात एक तरुण पियानोवादक मरून पडतो. राणी वयोवृद्ध, ती काही पायऱ्या चढत-उतरत पुरावे गोळा करणार नाही. विचार राणीने करायचा आणि वणवण तिच्या साहाय्यक सचिवाने, म्हणजे नायजेरियन वंशाच्या रोझी नावाच्या तरुणीने करायची, अशी श्रमविभागणी आहे. शेवटी श्रेय तिसऱ्याच अधिकाऱ्यांच्या पदरात पडते. वरकड मूल्याचा सिद्धान्त एखाद्या अभ्यासवर्गात समजावून सांगायचा असेल तर हे उदाहरण वाईट नाही.

पण हा प्रकार इंग्रजांनी शोधला असे मानायचे कारण नाही. वेषांतर करून रात्री नगरात हिंडणारा राजा आपल्या लोककथांत जुनाच आहे. आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’च्या मराठी भाषांतरामुळे बगदादचा खलिफा हारुन अल्-रशीद मराठी घरांत केव्हाच येऊन बसला. अरबी कथांतली तीन सफरचंदांची गोष्ट पाहा. टायग्रिस नदीतून एका कोळ्याच्या जाळ्यात पेटी येते, पेटीत एका स्त्रीचे तुकडे केलेले प्रेत. खलिफा संतापतो आणि वजीर जाफरला फर्मावतो की तीन दिवसांत खुनी आणला नाहीस तर तुलाच फासावर देईन. आता या पहिल्यावहिल्या तपासनिसाने करावे काय? तो तीन दिवस घरी बसून राहतो! खुनी आपण होऊन पुढे येतो म्हणून वजिराची मान वाचते. राजाने न्याय करायचा ठरवले की हाताखालच्या माणसाच्या गळ्यात फास अडकतो, ही गोष्ट त्या अनामिक कथाकाराला नेमकी कळली होती. पुढल्या काळातल्या अनेक लेखकांना ती कळलेली दिसत नाही.

आपल्याकडे या वाङ्मयाचा प्रवाह आला तो एका विलक्षण वाटेने. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हे नाव आज कोणी घेत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वाचकांत मात्र त्याची लोकप्रियता डिकन्सलाही मागे टाकणारी होती. हा रेनॉल्ड्स कोण? तर इंग्लंडातल्या चार्टिस्ट चळवळीचा, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीचा एक पुढारी. १८४८ च्या मार्च महिन्यात ट्रॅफल्गार चौकातल्या सभेचे अध्यक्षपद त्याने घेतले, आणि १८५० मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले. लंडनच्या राजदरबारातील रहस्यांवर त्याने जी मालिका लिहिली तिच्यात राजपुत्र आणि उमराव हेच गुन्हेगार होते. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ त्याच्याच प्रेरणेने लिहिली गेली. गो. ना. दातारशास्त्र्यांनी तर त्याची कथानके उचलून त्यांना पागोटे बांधले, तलवार दिली, भुयारे आणि गुप्त दरवाजे दिले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ‘कालिकामूर्ति’ आणि ‘चतुर माधवराव’ अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवून वाचले आहे. पण या वेषांतरात एक गोष्ट हरवली. चार्टिस्टाचा राजद्वेष समुद्र ओलांडताना वाटेत गळून पडला आणि येथे उरले ते नुसते अद्भुत. राजघराणे दुष्ट असले तरी त्याच घराण्यातला खरा वारस शेवटी गादीवर बसतो आणि प्रजा आनंदाने गुढ्या उभारते. प्रजेला दुसरे काम नसतेच.

त्यानंतरची आपली ऐतिहासिक कादंबरी पाहिली तर ती तपासाच्या नव्हे, पूजेच्या वाटेने गेली. मी तिची थोरवी नाकारत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली तेव्हा माधवरावांच्या आजाराने वाचकांच्या घरात सुतक पसरल्यासारखे झाले होते, असे थोरामोठ्यांकडून ऐकले आहे. परंतु त्या परंपरेतला राजा प्रश्न विचारत नाही. तो सोसतो, शोभतो आणि मरतो. याउलट राजाला गुप्तहेर केले की त्याला सिंहासनावरून खाली उतरून मुदपाकखान्यात यावे लागते. तेथे दासीला बसवून बोलते करावे लागते. तिचे म्हणणे खरे की खोटे हे ठरवताना तो फसू शकतो. ज्याला फसता येते तो देव नव्हे. म्हणून मला असे वाटते की, राजाच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या दहा कादंबऱ्यांपेक्षा राजाला चुकीच्या माणसावर संशय घ्यायला लावणारी एक रहस्यकथा लोकशाहीच्या अधिक कामाची आहे. हे विधान काही मित्रांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आता दुसरी बाजू. या कादंबऱ्या एक गोष्ट गृहीत धरून चालतात, आणि वाचनाच्या ओघात आपणही ती गृहीत धरतो. ती अशी की, सत्य शोधण्यात राजाचा काही स्वार्थ नसतो. अर्जुन राज गैंद यांच्या ‘अ व्हेरी पक्का मर्डर’ (२०१६) या इंग्रजी कादंबरीत १९०९ सालच्या एका काल्पनिक पंजाबी संस्थानात इंग्रज रेसिडेंट मृतावस्थेत सापडतो आणि महाराज सिकंदरसिंग स्वतः खुन्याचा माग काढतात. कादंबरी खुसखुशीत आहे. महाराजांचा डामडौल, इंग्रजांचा तोरा, सारे जमले आहे. पण रेसिडेंटावरच्या विषप्रयोगाचे खरे प्रकरण आपल्याच मराठी संस्थानात त्याआधी पस्तीस वर्षे घडून गेले होते, आणि तेथे महाराज तपासनीस नव्हते, आरोपी होते.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने सकाळचे सरबत दोन घोट घेऊन फेकले, आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ पाहून त्याला संशय आला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाल्याचे सांगण्यात आले. मल्हारराव गायकवाडांचा आणि फेअरचा उभा दावा होता. त्याच वर्षी बडोद्याचे दिवाण होते दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ कसा विलायतेला वाहतो याचा हिशेब पुढे मांडणारे तेच दादाभाई, एका बाजूला उधळा राजा आणि दुसऱ्या बाजूला आढ्यताखोर रेसिडेंट यांच्या कात्रीत सापडले होते. मुंबईचा पोलीस कमिशनर सूटर आपली माणसे घेऊन बडोद्याला आला. रेसिडेन्सीतला रावजी हवालदार, नरसू जमादार, एक आया, महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत, अशा चाकरमान्यांच्या जबान्यांवर सारा खटला उभा राहिला. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची एक पुडी सापडली. पण ती इतक्या उशिरा की महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइन या नामांकित वकिलाने ती पोलिसांनीच ठेवली नसेल कशावरून, असा रोख धरला.

आणि या चौकशीला बसले कोण? १८७५ च्या फेब्रुवारीत जे कमिशन नेमले गेले त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. अध्यक्ष कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. म्हणजे कादंबरीकारांना जे सुचते ते इतिहासाने एकदा खरोखरच करून पाहिले. दोन मुकुटधारी राजे तिसऱ्या राजाच्या गुन्ह्याचा शोध घ्यायला बसले. निकाल काय लागला? तीन इंग्रजांच्या मते आरोप सिद्ध झाला, तिघा हिंदी सभासदांनी तो सिद्ध झाल्याचे मानले नाही. बरोबर मधोमध फाळणी! शिंद्यांनी पुरावा तोलला की आपले भवितव्य, याचा निवाडा कोणी करावा? उद्या आपल्या सरबतातही असाच गाळ निघू शकतो, हे त्यांना कळत नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. इंग्रज सभासदांचे हात मोकळे होते असेही कोणी समजू नये; त्यांचे मालकही खटल्यात एक पक्षच होते. आणि एवढे झाल्यावर सरकारने काय केले? कमिशनचा निकाल बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. म्हणजे शिक्षा आधी ठरलेली. तपास तिच्या शोभेसाठी. जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातून दत्तक घेतलेला एक शेतकऱ्याचा मुलगा गादीवर आला. त्याचे नाव सयाजीराव ठेवले गेले, आणि त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. इतिहासाची ही वळणे कोणा कादंबरीकाराने योजली असती तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल दोष दिला असता.

पन्नास वर्षांनी, १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी, मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या मोटारीत मुमताज बेगम होती; इंदूरच्या दरबारातून सुटून आलेली. तिला पळवून नेण्याचा तो बेत होता. गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी वाटेत आडवे आले म्हणून आरोपी हाती लागले. ते निघाले इंदूरचे. खटला चालला, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या हुकूम पाळणाऱ्यांना. तुकोजीराव होळकरांपुढे सरकारने दोन पर्याय ठेवले, चौकशी किंवा गादीचा त्याग. आणि १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली. या प्रकरणात तपासाची खरी नायिका कोणी असेल तर ती चेहऱ्यावर वार झालेली, आणि तरीही न्यायालयात उभी राहून बोलणारी ती नर्तकी. दरबारातल्या बाईने दरबाराविरुद्ध साक्ष द्यावी, याची कल्पना दातारशास्त्र्यांच्या कोणत्याही भुयारात सापडत नाही.

आणि मराठी मुलुखातला सर्वांत गाजलेला राजवाडी खून म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ चा, गणपतीच्या दिवसांतला, शनिवारवाड्यातला नारायणराव पेशव्यांचा वध. ‘ध’चा ‘मा’ झाला ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. एका अक्षराच्या फेरफारावर उभे असलेले यापेक्षा सरस रहस्य कोणी रचले आहे असे मला वाटत नाही. पण त्या अक्षरापेक्षा तपास महत्त्वाचा. तो राज्यकर्त्याने केला नाही, कारण राज्यकर्ता झालेले रघुनाथराव हेच मुख्य संशयित. तो केला राज्याच्या पगारी न्यायाधीशाने. लहानपणी सावकाराच्या घरी चाकरी केलेला आणि उशिरा काशीला जाऊन शिकलेला, असे ज्याच्याविषयी सांगतात, त्या रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि पुणे सोडले. प्रभातने १९४४ साली ‘रामशास्त्री’ हा बोलपट काढला तो त्यामुळेच. आमच्या कादंबरीकारांनी मात्र या माणसाला स्फूर्तिस्थान करून टाकले. त्याने कोणाला काय विचारले, कोणत्या गारद्याने काय सांगितले, पहाऱ्यावर त्या दुपारी कोण होते, हे विचारायचे राहूनच गेले.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना राजपुत्राचे अप्रूप वाटायचे कारण नाही, कारण आम्हाला एक आयता लाभला होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपये खंडाने कायमच्या मक्त्यावर घेतले. आणि १९३६ मध्ये निजामाच्या वडील मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कापूस आमचा, सारा आमचा, खंड त्यांचा, आणि पदवीही त्यांचीच. या राजपुत्राची पत्नी दुर्रुशेवार ही तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाची मुलगी. म्हणजे हारुन अल्-रशीदच्या पदवीची शेवटची वारसदार कागदोपत्री आमच्या वऱ्हाडची राजकन्या होती. पण वेषांतर करून कोणी चांदूरच्या बाजारात हिंडल्याचे ऐकिवात नाही.

हा विनोद येथेच थांबवतो, कारण ज्या प्रदेशात बसून मी राजवाड्यातले खून वाचतो तेथे मृत्यूंची वाण नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्याच वर्षीपासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे प्रकरण जाते. तेथेही पंचनामा असतो, जबान्या असतात, कागदपत्रे असतात. परंतु समितीचा प्रश्न ‘हा माणूस कशाने मेला’ हा नसतो. सातबारा होता काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. कागदावाचून मक्त्याने शेती करणारा, परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे उचललेला माणूस मरणानंतरही अपात्र राहतो. आणि अशा मदतीला आपण शब्द कोणता वापरतो? सानुग्रह! अनुग्रह राजा करतो. नागरिकाला हक्क असतो. संस्थाने गेली, तनखे गेले, पण दरबारी भाषा मागच्या दाराने कचेरीत येऊन बसली ती अशी. रहस्यकथेचा एक नियम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो: तेथे कोणाचाही मृत्यू, मग तो मोतद्दाराचा का असेना, अपात्र ठरत नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत कारण शोधावेच लागते. राजाच्या हौशीखातर का होईना, तेवढा हिशेब लेखकाला पुरा करावा लागतो.

त्या तरुण मित्राला मी लव्हसीची पहिली कादंबरी वाचायला दिली आहे. पण मला खरी वाट पाहायची आहे ती मराठी पुस्तकाची. बडोद्याच्या कमिशनपुढच्या साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. बॅलंटाइनची उलटतपासणी, पट्टा, पुडी, सरबताचा पेला, सारे त्यात आहे. कोणा तरुण लेखकाने ते प्रकरण हाती घ्यावे. शिंदे आणि जयपूरकर यांना कमिशनच्या खुर्च्यांवर खुशाल बसू द्यावे, पण कथा सांगण्याचे काम रावजी हवालदाराकडे द्यावे. मुनशीने लिहून घेतलेली त्याची जबानी जेथे संपते तेथून त्याने बोलायला सुरुवात करावी.